रोमची चांदी गेली कुठं?

नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. नाणी सव्वातेरा हजारांच्या घरात, सगळी क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केल्यावर आपला ठसा पुन्हा मारलेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर सविस्तर लिहिलं. सातवाहनांच्या विजयाचा पुरावा म्हणून हा साठा सर्वांना ठाऊक आहे. पण रोमन नाण्यांची आवड असलेल्या मराठी माणसानं माझ्या मते सुरुवात इथूनच करायला हवी, जरी त्या ढिगात एकही रोमन नाणं नव्हतं.

नहपानाच्या नाण्यावर राजाचा एका बाजूनं दिसणारा चेहरा आहे. कडेनं ग्रीक अक्षरांत त्याचं नाव फिरतं, आणि मागच्या बाजूला तेच ब्राह्मी आणि खरोष्ठीत लिहिलं आहे. त्या चेहऱ्याच्या घडणीत अनेक अभ्यासकांना देनारिअस या रोमन चांदीच्या नाण्याची छाया दिसली आहे. त्याहून मोठा प्रश्न धातूचा. दख्खनच्या काळ्या कातळात चांदी नाही. मग हजारो नाणी पाडण्याइतकी चांदी आली कुठून? पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवहीत भडोच बंदराच्या आयात मालाची यादी आहे. दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळी, राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारी मुलं. त्याच यादीत रोमन सोन्याचांदीची नाणीही आहेत, आणि स्थानिक नाण्यांशी त्यांची अदलाबदल केली तर फायदा होतो असंही तो नोंदवतो. ही नाणी भडोचला उतरली, वितळली आणि त्यांतून क्षत्रपांची नाणी पडली, असा तर्क बऱ्याच काळापासून मांडला जातो. मला तो पटतो. महाराष्ट्रात रोमन नाणी इतकी कमी का सापडतात, या प्रश्नाचं त्याहून चांगलं उत्तर अजून पुढं आलेलं नाही.

कमी म्हणजे किती, हे दक्षिणेशी ताडून पाहिलं की कळतं. कोईमतूर-करूरचा पट्टा, केरळचा किनारा, कृष्णेच्या आसपासचा आंध्र-तेलंगण या भागांत साठ्यांवर साठे निघाले. नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्लीला दीड हजारांवर देनारिअस मिळाले. तमिळनाडूत पुदुकोट्टईच्या साठ्यात ५०१ सोन्याची नाणी होती, आणि त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव घातलेला होता. पुन्हा चलनात जाऊ नये म्हणून नाणं बाद करण्याची ही तिथली रीत असावी. या साठ्यांत दोनच छापांचा भरणा असतो. एक ऑगस्टसचा, ज्याच्या मागं त्याचे नातू गायस आणि लूशिअस ढाल-भाले घेऊन उभे आहेत. दुसरा टायबेरिअसचा, ज्याच्या मागं खुर्चीवर बसलेली स्त्री आणि ‘पोंटिफ मॅक्सिम’ ही अक्षरं आहेत. हेच दोन छाप का, याचं कारण धातूत आहे. त्यांतली चांदी जवळजवळ शुद्ध होती. इ. स. ६४ च्या सुमारास निरोनं देनारिअसचं वजन आणि कस दोन्ही उतरवलं. इथले व्यापारी जुनंच नाणं मागत राहिले, आणि रोमन व्यापारीही भारताच्या खेपेसाठी जुनी नाणी बाजूला ठेवत राहिले.

रोमचा थोरला प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. चार सेस्टर्सचा एक देनारिअस. आकड्यात थोडा राग मिसळलेला असेल असं धरलं, तरी त्या काळच्या पश्चिम किनाऱ्याचं महत्त्व त्यातून कळतं. सोपारा, कल्याण आणि चौल ही तिन्ही बंदरं पेरिप्लसमध्ये नावानिशी आहेत. कल्याणला जाऊ पाहणारी ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला वळवली जात, असा शेराही त्यात आहे. म्हणजे मुंबईच्या परिसरातला व्यापार राजकारणानं अडला होता. तरी घारापुरीच्या मोराबंदर बाजूला भूमध्य समुद्राकडून आलेल्या सुरयांची खापरं मिळाली आहेत. दोन कानांच्या या ‘अँफोरा’ सुरयांतून दारू आणि ऑलिव्हचं तेल येई. गेटवेवरून घारापुरीला जाणारी लाँच सुटते त्याच पाण्यातून ही सुरई गेली होती.

आता वस्तूंकडे वळू, कारण महाराष्ट्राचा खरा रोमन ऐवज नाण्यांत नाही, वस्तूंत आहे.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४४ च्या सुमारास प्रा. के. जी. कुंदणगार यांच्या पाहणीत काशाच्या वस्तूंचा एक साठा हाती लागला. पाठोपाठ डेक्कन कॉलेजच्या वतीनं ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं आणि १९५२ मध्ये त्याचा अहवाल आला. त्या साठ्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आहे. एक पाय उंचावर टेकवून, अंग किंचित पुढं झुकवून तो उभा आहे. पर्सिअस आणि अँड्रोमिडा यांची कथा कोरलेली एक गोल तबकडी आहे, आरसा आहे, दारूची भांडी आहेत. मुंबईचे नामांकित वकील आणि कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांनी त्यांवर लिहिलं, पुढं अमेरिकेच्या रिचर्ड डी प्यूमा यांनी एकेक वस्तू तपासून कोणती इटलीहून आली आणि कोणती इथंच घडली याची वर्गवारी केली. रोमन वस्तूंची आवड असलेल्या कोणालाही मी पहिला सल्ला देईन तो हाच, की अंबाबाईचं दर्शन झाल्यावर टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडनसमोर उभं राहावं. एवढ्या प्रतीची वस्तू बाजारात विकत मिळायची नाही, आणि मिळू नये.

दुसरं गाव धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पेरिप्लसमध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाची मोठी पेठ सांगितली आहे. ती कुठली, यावर एकोणिसावं शतक वाद घालत बसलं. पंडित भगवानलाल इंद्रजींना ती जुन्नर वाटली, रा. गो. भांडारकरांना धारूर, आणि अखेर जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तेरकडे बोट दाखवलं. संत गोरा कुंभारांच्या या गावाची पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचे थरांवर थर. पावसाळा सरला की वाहून गेलेल्या मातीतून मणी, खापरं, नाणी वर येतात. गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी ही माती वाचायला स्वतःहून सुरुवात केली. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पदवी नव्हती. शेतकरी, गुराखी, मुलं यांच्याकडून मिळेल ते त्यांनी जमवलं, आणि तो संग्रह पुढं सरकारी संग्रहालय झाला. त्यात हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आहे, जिची बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हिअसनं पॉम्पेई गाडलं, म्हणजे त्याआधीच दख्खनचं हे कोरीवकाम तिकडं पोचलं होतं.

माझ्या लेखी तेरचा सर्वांत बोलका ऐवज मातीचा आहे. टायबेरिअसच्या नाण्यावरून ठसा घेऊन भाजलेली मातीची चकती, वर ओवायला कडी किंवा भोक. अशा चकत्या तेरला मिळाल्या, तेलंगणातल्या कोंडापूरलाही मिळाल्या. ज्याला सोन्याचं रोमन नाणं परवडत नव्हतं त्यानं मातीचं घालून मिरवलं असणार. परदेशी राजाचा चेहरा गळ्यात बांधण्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

आपल्याला तरी कुठं वाटलं? लालबाग-परळच्या चाळींत लग्नाच्या घरी अजून पुतळीहार निघतो. त्या पुतळ्या मूळच्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आलेल्या. संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला अधिपती आणि मागं उभा ख्रिस्त. आपल्या सोनारांनी शतकानुशतकं त्याची नक्कल पाडली आणि घराघरांत त्या आकृतींना राम, सीता, लक्ष्मण म्हटलं गेलं. तेरच्या चकतीपासून गिरगावच्या सराफाच्या काचपेटीतल्या पुतळीपर्यंत हा एकच सलग संस्कार आहे, असं मला ठामपणे वाटतं. परदेशी नाणं इथं चलन म्हणून आलं, आणि दागिना म्हणून राहिलं. जे दागिना झालं नाही ते आटणीत गेलं.

सोन्याच्या रोमन नाण्यांची नोंद महाराष्ट्रात अगदीच तुरळक आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या दारफळची एक जुनी नोंद अभ्यासकांच्या याद्यांत येते. पण सोनं ठाऊक होतं, याला नाशिकच्या लेण्यातला एक शिलालेख साक्षी आहे. नहपानाचा जावई उषवदात दानाचा हिशोब लिहून ठेवतो: सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण. हा ‘सुवर्ण’ कुषाणांचा की रोमचा, यावर वाद आहे. मला त्या ओळीत रोकड मोजणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू येतो, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा सोन्याचा भाव हातात मिळतो. असा भाव सांगणारे पुरावे जगातही थोडे आहेत.

या सगळ्या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे, आणि तो संग्राहकांचाच आहे. भाऊ दाजी लाड पेशानं डॉक्टर. त्यांनी लेण्यांतले लेख उतरवून घेण्यासाठी भगवानलाल इंद्रजींना देशभर पाठवलं, नाणी आणि ताम्रपट जमवले. १८७४ मध्ये ते गेले. भगवानलालांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उघडला. आतल्या अस्थिमंजूषेबरोबर यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं, ज्यावर राजाचा चेहरा आहे. सातवाहन चेहऱ्याची नाणी पाडायला शिकले ते क्षत्रपांकडून, म्हणजे एका टप्प्यानं त्याच पश्चिमी परंपरेकडून. भगवानलाल १८८८ साली वाळकेश्वरला वारले. त्यांनी जन्मभर जमवलेली नाणी त्यांच्या इच्छेनुसार लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. तिथं ती जपली गेली, छापली गेली, हे खरं. मुंबईच्या विद्यार्थ्याला ती बघायला समुद्र ओलांडावा लागतो, हेही तितकंच खरं, आणि मला त्याची हळहळ वाटते.

विसाव्या शतकात धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेरास यांनी १९२६ मध्ये इतिहास संशोधनाची संस्था उभारली आणि नाण्यांचा संग्रह केला. काही वर्षं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात काम केलेले परमेश्वरीलाल गुप्त यांनी आंध्रातल्या रोमन नाण्यांवर १९६५ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि पुढं नाशिकजवळ अंजनेरीला नाणेसंशोधन संस्था १९८० मध्ये सुरू झाली तीही त्यांच्या पुढाकारानं. आज कुणाला पाहूनच शिकायचं असेल तर काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन आणि फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय या दोन जागा पुरेशा आहेत. याच वास्तुसंग्रहालयात २०२३-२४ मध्ये भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम यांची शिल्पं एकत्र मांडली होती. रोमन शिल्प काचेपलीकडे पाहण्यासाठी मुंबईकराला युरोपचं तिकीट काढावं लागलं नाही.

बाजाराचं चित्र वेगळं. मुंबईत परवानाधारक लिलावगृहं आहेत, नाण्यांची प्रदर्शनं भरतात, आणि मटण स्ट्रीटचा चोरबाजार आहेच. प्रामाणिक विक्रेत्याकडचं रोमन नाणं बहुधा परदेशी बाजारातून आलेलं असतं. चौथ्या शतकातली कॉन्स्टंटाईन घराण्याची छोटी तांब्याची नाणी जगात ढिगानं आहेत आणि सर्वांत स्वस्त तीच. टायबेरिअसचा देनारिअस ख्रिस्ती संग्राहक बायबलमधल्या कराच्या प्रसंगामुळे आवर्जून घेतात, म्हणून त्याचा भाव चढा राहतो आणि नकलाही त्याच्याच जास्त.

नक्कल ओळखायला जादू लागत नाही, सवय लागते. टायबेरिअसच्या काळचा देनारिअस पावणेचार ग्रॅमच्या आसपास, निरोनंतरचा साडेतीनच्या खाली. सोन्याचा ऑरिअस आधी पावणेआठ, नंतर सव्वासात. कॉन्स्टंटाईनच्या काळापासूनचा सॉलिडस साडेचार. सोनाराच्या साध्या काट्यावरही एवढा फरक कळतो. मग कडा पाहायची. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला दोन अर्धे जुळल्याची रेघ राहते, पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक भोकं दिसतात, अक्षरांचे कंगोरे साबणासारखे गुळगुळीत होतात. ठोकून पाडलेल्या खऱ्या नाण्यात धातू कडेकडे पसरल्याच्या रेषा दिसतात. झवेरी बाजारात कस मोजायचं यंत्र आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नये. शुद्ध चांदीत पाडलेली नवी नक्कल त्या यंत्रात पास होते. रामटंका म्हणून मिळणारे देवळातली टोकन आणि तांब्याच्या पिवळट ‘रोमन’ चकत्या यांच्यापासून नवख्यानं लांब राहावं. एकाच ठेल्यावर एकाच सम्राटाची एकसारखी झिजलेली पाच नाणी दिसली तर पाचही सोडून द्यावीत.

घेतलेलं नाणं चिंच, राख, दंतमंजन यांनी कधीही घासू नये. देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या पूजेच्या भांड्यांना चालतं ते नाण्याला मारतं. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत काशाच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी आली तर तो क्षाराचा रोग असतो आणि शेजारच्या नाण्याला तो लागू शकतो. अशी नाणी वेगळी करावीत, जाणकाराला दाखवावीत. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांतून सुटणारं रसायन काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकटपणा आणतं.

कायद्याकडे मात्र सावकाश पाहायला हवं, कारण खरी अडचण तिथं आहे. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षं जुनं कुठलंही नाणं त्याच्या व्याख्येत पुरावस्तू ठरतं. ते बाळगायला बंदी नाही, पण व्यापार करायचा तर परवाना हवा, आणि केंद्र सरकारखेरीज कुणाला ते देशाबाहेर नेता येत नाही. नेलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. गिरगावातल्या घरचं जुनं नाणं न्यू जर्सीच्या मुलाला भेट म्हणून सूटकेसमध्ये टाकणं हाही गुन्हाच. इथवर कायदा मला योग्य वाटतो.

दुसरा कायदा १८७८ चा, निखात निधीचा. जमिनीत लपलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवलंच पाहिजे. सरकारनं ती ठेवून घ्यायची ठरवली तर भरपाई मिळते ती धातूच्या किमतीइतकी आणि वर एक पंचमांश. नाण्याला इतिहास म्हणून जी किंमत आहे तिचा या हिशोबात पत्ताच नाही. नांगराच्या फाळाला तपेली लागलेल्या शेतकऱ्यानं काय करावं? कळवलं तर तहसील, पंचनामा, हेलपाटे, आणि शेवटी वजनाचे पैसे. सोनाराकडे नेलं तर त्याच दिवशी रोख. म्हणून साठे मुकाट फुटतात, थोडी नाणी दलालामार्फत मुंबईला येतात, बाकीची वितळतात. इंग्लंडनं १९९६ मध्ये आपला कायदा बदलून सापडणाऱ्याला बाजारभावानं बक्षीस देण्याची सोय पक्की केली आणि पाठोपाठ साध्या नागरिकांच्या शोधांची नोंदवही सुरू केली. तिच्यात आज दहा लाखांहून कितीतरी अधिक वस्तू, सापडल्या त्या शेताच्या ठिकाणासह नोंदल्या आहेत. आपल्याकडचा दीडशे वर्षांचा कायदा तसाच राहिला. हे बदलायला हवं, आणि संग्राहकांच्या संस्थांनीच ती मागणी लावून धरायला हवी, कारण नुकसान त्यांना सर्वांत आधी दिसतं.

साठा फुटणं हेच खरं नुकसान, कारण जोगलटेंभीचा साठा बोलतो तो अखंड मिळाला म्हणून. नहपानाचं सुटं एक नाणं लिलावात चांगला भाव घेईल, पण सातकर्णीचा ठसा किती टक्के नाण्यांवर पडला हे ते सांगू शकणार नाही. पोसायडन कोल्हापूरच्या पांढरीतून आरसा आणि सुरयांसकट निघाला म्हणून तो कोणाच्या घरी होता याचा विचार करता येतो. २०२३ साली इजिप्तमधल्या बेरेनिके बंदराच्या उत्खननातून संगमरवरी बुद्धमूर्ती आणि सातवाहन काळातली दोन भारतीय नाणी मिळाल्याची बातमी आली. बाजारात त्या दोन नाण्यांना फारसं मोल नाही. तांबड्या समुद्राच्या काठच्या एका देवळात ती मिळाली म्हणून ती मोलाची.

म्हणून रोमन नाणी जमवू इच्छिणाऱ्या तरुणाला माझा आग्रह दोन वेगळ्या संग्रहांचा राहील. एक हौसेचा: परदेशातून रीतसर आलेली, पावतीची, स्वस्तातली तांब्याची नाणी, ज्यांवर सम्राटांची नावं वाचायला शिकता येईल. दुसरा कागदाचा, आणि तोच अधिक मोलाचा: आजोळी, मामाच्या शेतात, गावच्या गुरवाकडे, जुन्या गाठल्यात जे परदेशी नाणं दिसेल त्याचा दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, व्यास, गाव, तालुका, कुणी कधी कुठल्या शेतात पाहिलं, कडी डाखलेली आहे का, छिन्नीचा घाव आहे का. नाणं ज्याचं त्याच्याकडेच राहू द्यावं आणि नोंद अंजनेरीसारख्या संस्थेकडे किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी. दारफळसारख्या एकेका ओळीच्या नोंदींवर महाराष्ट्राचा रोमन इतिहास उभा आहे, आणि अशा आणखी पन्नास ओळी मिळाल्या तर भडोचहून घाट चढून पैठण-तेरकडे गेलेल्या बैलांच्या वाटा नकाशावर ओढता येतील.